अर्ध्या इंचाचा फरक

खुब्याचा सांधा बदलल्यावर खुब्यात दुखणार, हे मी धरूनच चाललो होतो. टाके ओढायचे, मांडीच्या बाहेरच्या अंगाला आग व्हायची, कूस बदलताना डोळ्यांत पाणी यायचं. हे सगळं डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं त्याची भीती वाटायची नाही. मी घाबरलो ते कुणीच न सांगितलेल्या दुखण्यांना.

मी टेलरिंगच्या दुकानात कटर आहे, जामखेडला. माझं गाव तिकडं चंद्रपूरच्याही पुढं, धानाच्या पट्ट्यात. इथून निघालं की पोचायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस जातो. सहावीत शाळा सोडून मामाच्या हाताखाली कैची धरली. पुढं पुण्यात एका गारमेंटमध्ये लागलो. तिथं शेजारी काम करणारा जामखेडचा एकजण म्हणाला, गावाकडं दुकान टाकतोय, येतो का. आलो. त्यांना मी भाऊ म्हणतो, त्यांच्या मंडळींना वहिनी. ते मला मास्तर म्हणतात. कटरला मास्तरच म्हणायची पद्धत आहे, पण सहावीतून पळालेल्या माणसाला अख्खा बाजारतळ मास्तर म्हणून हाक मारतो याचं मला पहिली दोन वर्षं हसू यायचं. खाली दुकान, वर भाऊंचं घर, दुकानाच्या मागं माझी खोली. लग्न राहून गेलं. जेवण वरून येतं.

कटरचं काम उभ्यानं असतं. कंबरेइतकं उंच टेबल, त्यावर कापडाचे थरावर थर, खडूनं आखायचं आणि कापत जायचं. भाऊ मशीनवर, मी टेबलाशी. आमचं दुकान शाळेच्या गणवेशांवर उभं आहे. शाळा जूनला उघडते, पण कापायला मार्चपासूनच घ्यावं लागतं. माझं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं आणि त्या दिवसापासून मला एकच घोर लागला होता, की मार्चला मला टेबलाशी उभं राहता येईल का. नाही आलं तर भाऊंना दुसरा कटर आणावा लागणार. आणि आमच्या दुकानात दोन कटरांना पुरेल एवढं काम नाही. मग मी गावाला जायचं, खाटेवर पडायचं आणि सत्तरी ओलांडलेल्या आईनं मला ताट आणून द्यायचं.

ऑपरेशन नगरला झालं, सरकारी योजनेतून. डाव्या खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नव्हतं, हाड आतून मेलं होतं. पाच दिवस भाऊ माझ्यापाशी दवाखान्यात राहिले, दुकानाला कुलूप लावून. त्यांनी माझं भांडंसुद्धा उचललं. मी तोंड भिंतीकडं करून घेतलं तर म्हणाले, "मास्तर, मी लहानपनापास्नं म्हशीचं शेण काढतोय. तुमचं काय जड हाय." परत आलो तर वहिनींनी माझ्या कॉटच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा घालून ठेवल्या होत्या, कारण मला खाली बसायला बंदी होती. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. कमोडची खुर्ची आणली होती. ती खोलीच्या कोपऱ्यात पाहिली आणि मला रडू आलं. इतकं केलेल्या माणसांना आपण काय द्यायचं? माझ्याकडं देण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे बरं होणं. म्हणून कुणीही विचारलं की मी म्हणायचो, बरं आहे.

गिऱ्हाइकं मजा करायची. मी दारात उंच खुर्चीवर बसून काज-बटण करायचो, वॉकर शेजारी. एक म्हातारा धोतरवाला दर बाजाराला यायचा. "काय मास्तर, नवा पार्ट टाकला म्हनं. ग्यारंटी किती वर्साची?"

"वीस-पंचवीस वर्षं जाईल म्हणतात."

"मंग आमच्या फटफटीपरीस बरी हाय की."

दुसरा कुणीतरी म्हणायचा, "पाय आल्टर करून आनला, आता फिटिंग बसली का न्हाई?" मीही हसायचो. भाऊ मशीन न थांबवता म्हणायचे, "बसली की. मास्तरच्या हातची न्हाई, पर बसली."

दुखणं सुरू झालं ते पाचव्या आठवड्यात, आणि सगळं भलत्याच ठिकाणी. ऑपरेशन डाव्या खुब्याचं आणि दुखतोय डावा गुडघा. वॉकर सोडून काठी घेतली तशी कंबर धरायला लागली. सकाळी उठून उभा राहिलो की वाटायचं, डावा पाय आधी जमिनीला लागतोय, उजवा वरच राहतोय. जणू एका पायाखाली पायरी आहे. त्यानंतर उजवीकडं सुरू झालं. आधी वाटलं मांडी दुखतेय. पण मांडी नव्हती. कळ जांघेत होती. उजव्या जांघेत, आत खोल, चार पावलं टाकली की बारीक कळ.

हे इथं नीट सांगितलं पाहिजे, कारण तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. डावा खुबा गेला तेव्हा त्याची सुरुवात अगदी अशीच झाली होती. दोन वर्षांपूर्वी, डाव्या जांघेत, आत खोल, बारीक कळ. मी ती दीड वर्ष अंगावर काढली. कळ जिथं होती ते ठिकाण सांगायची मला लाज वाटायची. रोज वीस माणसांच्या पँटचं माप घेणारा मी, आतल्या बाजूची लांबी घेताना माझा हात कधी अडखळला नाही. पण स्वतःचं दुखणं सांगताना जांघ हा शब्द तोंडातून निघायचा नाही. तेव्हाही मी मांडी म्हणालो होतो, कंबर म्हणालो होतो. मालिश केली, पट्टे बांधले, आणि खरं ठिकाण सांगेपर्यंत हाड मरून गेलं होतं.

त्यामुळं उजव्या जांघेतली कळ मी ओळखली होती. पहिल्याच दिवशी ओळखली होती. ओळखायची नव्हती, एवढंच.

सहाव्या आठवड्याला नगरला दाखवायला गेलो. डॉक्टरांपुढं फाईल होती, शेजारी सिस्टर उभी होती, व्यायाम शिकवणाऱ्या ताईही होत्या. माझ्या मागं भाऊ. डॉक्टरांनी डावा पाय वाकवून पाहिला, जखम पाहिली, म्हणाले, "छान. दुसरा पाय कसा आहे?"

"एकदम बरा, साहेब. त्याच्यावरच तर चाललंय."

"काही त्रास? जांघेत वगैरे?"

त्यांनी शब्दसुद्धा माझ्यासाठी उच्चारून दिला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. पण दोन बाया उभ्या होत्या, भाऊ मागं होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुकतंच त्या 'छान'चं समाधान आलं होतं. मी म्हणालो, "नाही. मांडी जराशी भरून येते चालल्यावर, बाकी बरं आहे." डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी हात जोडून डॉक्टरांच्या केबिनच्या दाराला नमस्कार केला. भाऊ म्हणाले, "आता काय देऊळ बांधताय का त्यांचं."

परत आल्यावर मी एक गोष्ट केली. दुकानात बाजारचा दिवस सोडून दुपारी कुणी नसतं. भाऊ वर जेवायला गेले होते. आरशापुढं उभा राहिलो, गळ्यातली टेप काढली आणि स्वतःचं माप घेतलं. जसं गिऱ्हाइकाचं घेतो तसंच, बाजूनं, पँटच्या पट्टीपासून टाचेपर्यंत. डावा साडेचाळीस. उजवा चाळीस.

पुन्हा घेतलं. साडेचाळीस, चाळीस.

मला इतका आनंद झाला की खुर्चीत बसावं लागलं. डॉक्टरांच्या हातून डावा पाय अर्धा इंच लांब झालाय, म्हणजे उजव्यावर तिरका भार पडतोय, म्हणजे उजव्यातली कळ लांबीच्या फरकाची आहे. हाड-बिड काही नाही. बावीस वर्षं मी टेपच्या भरवशावर पोट भरत आलोय. टेपनं मला कधी फसवलं नव्हतं, आणि अर्धा इंच ही काही मोठी गोष्ट नाही. अर्धा इंच मी रोज दुरुस्त करतो.

डॉक्टरांना सांगायचा विचार मनात आला नाही असं नाही. पण काय सांगायचं? साहेब, तुम्ही मला चालतं केलंत पण पाय लांब केलात? त्यांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नव्हता. उपकार करणाऱ्याला शिलाईतली चूक दाखवायची नसते असं मला वाटलं. ती आपली आपण गुपचूप नीट करायची.

कॉलरच्या आत घालतात ते बकरम, खळ लावलेलं ताठ कापड, आमच्याकडं गुंडाळ्याच्या गुंडाळ्या असतं. उजव्या चपलेच्या तळव्याचा आकार खडूनं आखून घेतला, बकरमचे थर कापले, मध्ये जुन्या गणवेशाच्या जाड कापडाचे तुकडे घातले, सगळं मशीनवर टाचून बरोबर अर्धा इंच केलं आणि वरून रेक्झिनची पट्टी लावून चपलेत चिकटवलं. काम इतकं सफाईदार झालं की पाहणाऱ्याला कळू नये. घालून उभा राहिलो. दोन्ही पाय जमिनीला टेकले. कित्येक दिवसांनी सरळ उभा होतो.

पहिला आठवडा खरंच बरं वाटलं. मग कंबर जास्त धरायला लागली. डाव्या गुडघ्याची कळ पोटरीत उतरली. उजवी जांघ तर आता चालतानाच नाही, खुर्चीतून उठतानासुद्धा ओरडायची. मी ठरवलं, सवय व्हायला वेळ लागतो. नव्या पँटलासुद्धा लागतो. दुखलं की वहिनींकडं गरम पाण्याची पिशवी मागायचो आणि गुडघ्याला म्हणून सांगायचो. त्या पिशवी देताना एकदा म्हणाल्या, "भावजी, गुडघा डावा दुखतोय आन् शेक उजवीकडं घेताय व्हय?" मी म्हणालो, दोन्हीकडं घ्यावा लागतो.

आई रविवारी फोन करायची. "बाबू, पाय दुखते का रे?"

"नाही वं माय. बरा हाये."

"मंग घरी काहून नाही येत? पाहू दे ना मले, कसा चालतेस."

"मार्चनंतर येतो. सीझन हाये."

त्या फोननंतर मी दर वेळी टेबलाशी जाऊन उभा राहायचो. घड्याळ लावून. आधी दहा मिनिटं, मग पंधरा. काठी टेबलाला टेकवून, हाताला काहीतरी चाळा म्हणून कागदावर खोटी आखणी करत. पंधरा मिनिटांच्या पुढं मला कधी जाता आलं नाही. घाम फुटायचा, कागदावरची रेघ वाकडी व्हायची. भाऊ मशीनवर असायचे, मान खाली. मला वाटायचं, त्यांचं लक्ष नाही.

फेब्रुवारीत तिसऱ्या महिन्याची तपासणी होती. केबिनच्या बाहेर चपला काढायची पद्धत आहे, सगळे काढतात, म्हणून मागच्या वेळी माझं चालणं डॉक्टरांनी अनवाणीच पाहिलं होतं. या वेळी आत गर्दी होती. डॉक्टर दारात आले आणि म्हणाले, "तिथंच बाहेर चालून दाखवा. चप्पल असू द्या." मी चाललो. त्यांनी भिंतीपर्यंत जाऊन परत यायला लावलं, आणखी एकदा लावलं. मग म्हणाले, "आता चप्पल काढून." तेही पाहिलं. खाली वाकले, माझी उजवी चप्पल उचलली, अंगठ्यानं तळवा दाबला.

"हे कुणी सांगितलं?"

"मीच केलं, साहेब."

"का?"

"डावा पाय अर्धा इंच लांब आहे." मी घाईनं पुढं म्हणालो, "तुमची चूक नाही, साहेब. होतं असं कधीकधी."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला आत नेलं, टेबलावर उताणं झोपवलं. माझ्या खिशातली टेप मागून घेतली. पोटाच्या खाली, दोन्ही बाजूंना जे हाड हाताला लागतं, तिथं पेननं खूण केली. घोट्याच्या आतल्या हाडावर खूण केली. टेप धरली आणि मला म्हणाले, "मान वर करून तुम्हीच वाचा." डावा वाचला. उजवा वाचला. एका सुताचाही फरक नव्हता.

"तुम्ही कंबरेच्या पट्टीपासून मोजता. हाड तिथून सुरू होत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं लंगडलात, कंबर एका बाजूला कलली आहे. पाय लांब वाटतो. व्यायामानं ती हळूहळू सरळ आली असती. तुम्ही खाली टेकू देऊन ती तशीच ठेवलीत."

पण आतून एक भाग माझा सुटल्यासारखा झाला होता. पाय सारखे होते. सांधा चांगला होता. आणि तेवढ्यात डॉक्टरांनी उजवा पाय धरला, गुडघ्यात वाकवला आणि आतल्या बाजूला वळवला.

माझ्या तोंडातून आवाज निघाला. सिस्टर वळून बघायला लागली.

"कुठं दुखलं?"

भाऊ पायथ्याशी उभे होते, माझ्या चपला हातात धरून. मी छताकडं पाहिलं.

"जांघेत."

"किती दिवस?"

"दिवाळीनंतर दीड महिन्यानं सुरू झालं. तुम्ही विचारलं होतं तेव्हा होतं."

डॉक्टरांनी पाय हळूच खाली ठेवला. फाईल उघडून मागचं पान काढलं. ऑपरेशनच्या वेळच्या फोटोतच उजव्या हाडावर एक छोटी छाया होती, म्हणून ते दर वेळी दुसऱ्या पायाचं विचारत होते, असं त्यांनी सांगितलं. त्याच दिवशी एमआरआय झाला. संध्याकाळी रिपोर्ट पाहून म्हणाले, हाडाचा गोळा अजून गोल आहे, पण एका कडेला दबायला लागलाय. दीड महिन्यापूर्वी विचारलं तेव्हाच सांगितलं असतं तर हाडाला भोकं पाडून रक्त खेळतं करायची चांगली संधी होती. आताही करू, पण हाड आधीच खचलं असेल तर शब्द देता येणार नाही. तोवर दोन्ही काखांत कुबड्या, आणि उजव्यावर अजिबात भार नाही.

"उभं राहून काम?" मी विचारलं.

"सहा महिने तरी विचार करू नका."

परतीला भाऊंच्या ओळखीच्या एकाचा टेम्पो मिळाला, तो माल उतरवून जामखेडला चालला होता. मी कडेला, भाऊ मध्ये. आष्टीच्या अलीकडं ड्रायव्हरनं चहाला गाडी लावली आणि तो हात धुवायला गेला. मला भाऊंनी खाली उतरवलं, बाकावर बसवलं.

"भाऊ," मी म्हणालो, "मार्चचं काय करायचं ते बघा. मी काही उभा राहू शकणार नाही."

त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "बघितलंय."

"म्हणजे?"

"ह्या आष्टीचाच एकजन हाय. कटर. मागल्या म्हैन्यातच बोलून ठिवलंय त्याला. एक तारखेला येतोय." ते माझ्याकडं पाहत नव्हते. "तुमाला सांगायचं हुतं. म्हटलं वाईट वाटंल."

"मागच्या महिन्यात? तेव्हा तर मी बरा होतो."

"कशाचं बरं मास्तर. टेबलापाशी घामानं भिजायचा तुमी. मशीनच्या सुईत काय सगळंच लक्ष असतंय का मानसाचं. तुमची वहिनी तर म्हनत हुती, उजवा बी गेला ह्यांचा."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुमी बरं हाय म्हनत हुता," भाऊ म्हणाले. "मानूस बरं हाय म्हनतोय, त्याला न्हाई कसं म्हनायचं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता असं आता वाटतं. तेव्हा आला नाही. भाऊ माझं मन सांभाळत बसले, मी त्यांचं, आणि या सांभाळण्यात हाडाचा दीड महिना गेला.

"खोली तुमचीच हाय," ते ग्लास खाली ठेवत म्हणाले. "काज-बटन, तुरपाई बसून व्हतंय. ते बघा. पुढचं पुढं."

पुढचं पुढं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तो आष्टीचा माणूस चांगला निघाला तर जूननंतर भाऊ त्याला जा म्हणणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही म्हटलं नसतं. मी म्हणालो, चालेल. आणि मग, त्या दिवशी दुसऱ्यांदा, खरं ते बोललो. "आता दुखतंय, भाऊ. जांघेत. बसल्या जागीसुद्धा दुखतंय." ते उठले आणि ड्रायव्हरला, जरा लवकर चल बाबा, म्हणून सांगून आले.

टेम्पोत चढायचं होतं. दवाखान्यातल्या ताईंनी शिकवलेलं असतं, की चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा. मी कुबड्या भाऊंकडं दिल्या, दरवाजाचा दांडा धरला आणि तसाच थांबलो. तीन महिने मी न चुकता उजवा टाकत होतो. मागून ड्रायव्हर म्हणाला, "काय झालं, मास्तर?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि डावा वर ठेवला. त्यानं भार घेतला.